सही करण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं जमिनीबद्दल आहेत. म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. माझं माहेर कागल तालुक्यातलं. वय ५४. लग्न १९९१ साली झालं. वडील गेल्या वर्षी वारले. चार एकर उसाची जमीन आहे, ती आजोबांपासून चालत आलेली. आई आहे, दोन भाऊ आहेत, बहीण मी एकटीच. वर्षश्राद्धाला बोलावलंय. धाकट्यानं फोनवर सांगितलं, “येताना आधार कार्ड आणि दोन फोटो आण, रजिस्टर ऑफिसला जाऊन येऊ.” हक्कसोड करून घ्यायची आहे, हे मला वहिनीकडून कळलं. थोरला म्हणतो, तुझं लग्न कायद्याच्या आधीचं, तुला काही लागत नाही, शिवाय लग्नात सोनं घातलंय. मी जमीन मागायला कधी गेले नव्हते. पण असं न सांगता न्यायचं, हे मनाला लागलंय. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. काय करू?

उत्तर : आक्का, थोरल्या भावाच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण ते अर्धं खरं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, तेव्हा २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. तुमचं लग्न १९९१ चं. ती अट आजही गावोगावी पारावर सांगितली जाते आणि तुमच्या वयाच्या बायकांना ऐकवली जाते. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती देशभर लागू झाली, आणि तिच्यात लग्नाच्या तारखेची अट नाही. मुलगी जन्मापासूनच मुलाइतकी वाटेकरी. पुढे वाद निघाला, की २००५ साली वडील हयात असायला हवे होते का. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोही मिटवला. हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माचा आहे. तुमचे वडील तर गेल्या वर्षापर्यंत होते.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. २० डिसेंबर २००४ च्या आधी वडिलांनी मुलांबरोबर वाटणीपत्र करून ते नोंदवलं असेल, तर ती वाटणी आता मोडता येत नाही. “तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती” असं कुणी आता म्हणालं, तर त्यावर सहज विश्वास ठेवू नका, न्यायालयही ठेवत नाही. त्याला त्या काळचे सरकारी कागद लागतात.

तशी वाटणी नसेल तर तुमच्या घरचा हिशेब अगदी सरळ आहे. आई, दोन भाऊ आणि तुम्ही, चौघांना सारखा वाटा. चार एकरांत प्रत्येकी एक एकर. यात आईचाही एक एकर आहे, हे विसरू नका. मला वाटतं, त्या दिवशी रजिस्टर ऑफिसला आईलाही नेणार असतील. तिला बाजूला घेऊन विचारा. आणि थोरल्या भावाला माझ्या वतीनं एक प्रश्न करा : मला काही लागत नसेल, तर माझी सही कशासाठी लागते?

सोन्याचं म्हणाल, तर लग्नात घातलेलं सोनं म्हणजे वाटणी नव्हे. भावांच्या लग्नातही खर्च झालाच असेल, तो त्यांच्या हिश्शातून कुणी वजा केलेला नाही.

आता करायचं काय? वर्षश्राद्धाला जा. जरूर जा, वडील तुमचेही होते. पण जायच्या आधीच धाकट्याला फोन करून साध्या शब्दांत सांगा, “मी कार्याला येते, कागदावर आत्ता सही करणार नाही. वारस म्हणून सगळ्यांची नावं लागू देत, पुढचं आपण बसून बोलू.” भांडायचं नाही, रडायचं नाही, कारणं देत बसायचं नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं, म्हणजे रजिस्टर ऑफिसात, नोंदवावं लागतं. स्टॅम्पपेपरवर घरी घेतलेल्या सहीनं जमिनीतला हक्क जात नाही, पण घरीही सही करू नका, कारण पुढं तोच कागद वादात तुमच्यासमोर धरला जातो. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र फिरवायचं म्हणजे दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायचा. त्यात वर्षं जातात आणि ते फार थोड्यांना जमतं. म्हणून सगळा जोर सहीच्या आधी लावायचा.

तलाठ्याकडं, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडं, वारस नोंदीचा फेरफार बघा. सातबारा ऑनलाइनही निघतो, मुलाला किंवा मुलीला काढायला सांगा. तुमचं नाव वारसांत नसेल आणि फेरफार अजून मंजूर नसेल, तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंजूर झाला असेल तर प्रांतांकडं अपील करता येतं. नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण नाव असलं की तुमच्या सहीशिवाय जमीन विकणं अवघड होतं.

माहेर तुटेल या भीतीविषयी. ही भीती खोटी आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. हिस्सा मागितलेल्या बहिणींना भाचीच्या लग्नाची पत्रिका आली नाही, असं मी पाहिलं आहे. पण सही करून दिलेल्या बहिणीही मी पाहिल्या आहेत. नवरा गेल्यावर किंवा सासरी जगणं अशक्य झाल्यावर त्या परत आल्या, तेव्हा त्यांना मागच्या सोप्यात चार दिवस जागा मिळाली आणि पाचव्या दिवशी “पुढं काय ठरवलंस?” असा प्रश्न आला. ज्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे, तिला हा प्रश्न इतक्या लवकर विचारला जात नाही. तुम्ही लग्नाआधी त्या रानात भांगलण केली असेल, पाला काढला असेल. आईनं तर जन्म काढला. उसाचं बिल मात्र दर हंगामाला एकाच नावावर जमा होत राहिलं. हे मी भावांवर राग म्हणून लिहीत नाही. ते जे शिकले तेच करताहेत. पण तुम्ही त्यांना वेगळं शिकवू शकता, आणि तेही नातं न मोडता.

जाता जाता. तुमच्या कागलपासून माणगाव लांब नाही. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना लोकांपुढे आणलं. पुढं त्याच बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा देण्याचा आग्रह धरला, आणि बिल रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडलं. तुम्हाला आज जो हक्क सोडायला सांगतात, त्यासाठी एका माणसानं खुर्ची सोडली आहे.

आणि उलट बाजू. उद्या सासरच्या कुणी “जा, हिस्सा घेऊनच ये” म्हणून मागं लागलं, तर त्यांनाही हेच सांगा. घ्यायचा की ठेवायचा, हे तुम्ही ठरवणार.

प्रश्न : मी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून शिकते, गाव पन्हाळा तालुक्यात. ११ ऑक्टोबरच्या बालिका दिनाला आम्ही अफगाणिस्तानातल्या मुलींच्या शिक्षणबंदीवर भित्तिपत्रक केलं. बघायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “तिकडचं कशाला? तुमच्या वाडीवरच्या मुलींना शाळेला जायला एसटी नाही, ते बघा.” आम्हाला उत्तर सुचलं नाही. ताई, त्यांचं बरोबर होतं का?

उत्तर : एसटीबद्दल बरोबर होतं, बाळ. “कशाला” हे चूक होतं.

अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढं शाळा नाही आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, सरकारी हुकमानं मुलींची शाळा बंद करणारा दुसरा देश आज जगात नाही. त्याबद्दल कोल्हापुरातल्या मुलींनी बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं? आपल्याकडं १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. शाळा उघडण्याचा हुकूम आपण पाहिला आहे, म्हणून शाळा बंद करण्याच्या हुकमाचा अर्थ आपल्याला जास्त कळतो.

आणि इकडचं-तिकडचं असं वेगळं काढताही येत नाही. एक साखळी सांगते, ती पुढच्या भित्तिपत्रकात लिही. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याचा करार केला, त्याला जगभर ‘सीडॉ’ म्हणतात. भारतानं तो १९९३ साली मान्य केला. त्याच्या आदल्याच वर्षी राजस्थानात भँवरी देवी नावाच्या साथिनीनं, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीनं, एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला होता, आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणानंतर काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदाच नव्हता. न्यायालयानं १९९७ साली सीडॉचा आधार घेऊन विशाखा निकाल दिला आणि नियम घालून दिले. त्यांचाच २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्यामुळं आज शिरोलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात तक्रार समिती असावी लागते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली मुलगी किंवा घरकाम करणारी मावशी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेला कागद राजस्थानातल्या एका बाईच्या धाडसातून इथं आला. वाटेत कुणीतरी “तिकडचं कशाला” म्हणालं असतं आणि बाकीच्यांनी ऐकलं असतं, तर तो आला नसता.

आपल्या बायकाही तिकडं काही देऊन आल्या आहेत. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात “सर्व पुरुष” जन्मतः स्वतंत्र आहेत असं होतं. तिथं “सर्व मानव” असं लिहायला लावणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर शाहू महाराजांच्या मदतीनं परदेशी जाऊन वैद्यकीचं पुढचं शिक्षण घेऊन आल्या आणि इथल्याच बायकांच्या उपयोगी पडल्या.

आता एसटी. खेड्यातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पण पास आहे आणि शाळेच्या वेळेला गाडी नाही, अशी गत अनेक वाड्यांवर आहे. तुझ्या वाडीवरून शाळेला किती मुली जातात, त्यांची नावं, इयत्ता, शाळा भरायची-सुटायची वेळ आणि आज त्या किती चालतात, हे एका कागदावर मांड. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं हा विषय आईला, काकूला मांडायला सांग आणि ठराव करून घ्या. ठरावाची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, पोच घ्या. मुलींची नावं असलेला कागद बाजूला सारणं अवघड जातं, हा माझा अनुभव आहे. त्या गृहस्थांनाही त्या अर्जावर सही करायला बोलाव.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहिते. मुलगी लग्न होऊन आखाती देशात गेली. जावई मारतो, पासपोर्ट त्यानं कपाटात कुलूप लावून ठेवलाय. तिचा फोनही तोच बघतो. इथल्या पोलिसांत गेलो तर म्हणाले, घटना तिकडची, आम्ही काय करणार. आम्ही साधी माणसं.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तिच्या जिवाचं. मारहाण चालू असेल तर तिनं त्या देशातल्या पोलिसांना किंवा आपल्या भारतीय दूतावासाला कळवायला हवं. तिला जमत नसेल तर तुम्ही इथून दूतावासाला ईमेल करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका. तिचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, नवऱ्याचं कामाचं ठिकाण लिहा. पासपोर्टची झेरॉक्स तुमच्याकडं असेलच, लग्नाच्या वेळी काढली असेल. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथंही अर्ज करा. हे सगळं तिच्या फोनवर पाठवू नका, तो बघतो म्हणून सांगते. तिच्याशी फोनवर बोलताना नेहमीचंच बोला.

पासपोर्ट नवऱ्याचा नसतो. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो आणि तिच्या नावानं दिलेला असतो. तो मिळालाच नाही, तर परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावास देऊ शकतो. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तिथल्या व्हिसाची कागदपत्रंही लागतात, ते दूतावासातल्या माणसांना आधीच विचारून घ्या, म्हणजे विमानतळावर अडकणार नाही.

आणि “घटना तिकडची” हे उत्तर घेऊन घरी बसू नका. सासरच्या छळानं बाई माहेरी आली तर जिथं तिनं आसरा घेतला तिथंही तक्रार करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालीही, ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायालयात अर्ज देता येतो. वकिलाच्या खर्चाची काळजी सोडा. स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि तुमच्या तालुक्यातही समिती आहे.

लेकीला परत आणायची लाज वाटू देऊ नका. आपल्या या करवीर संस्थानात १९१९ सालीच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला होता. शंभर वर्षांपूर्वी जे इथल्या राजाला अन्याय म्हणून दिसलं, ते तुमच्या भावकीलाही दिसायला हवं. नाही दिसलं, तर त्यांना चहा न देता वाटेला लावा.

प्रश्न : आमच्या शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरवलंय. मुलगी शिकायचं म्हणते. कळवलं तर आमचं नाव बाहेर येईल.

उत्तर : १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाव गुप्त राहतं. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची असते आणि अंगणवाडीताई त्यांना मदत करतात, त्यांनाही कळवा. तारीख जवळ आली असेल तर दंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच नसतं. अक्षता टाकायला गेलेले पाहुणेही गुन्ह्यात येऊ शकतात, हे भटजी, मंडपवाला आणि आचारी यांना कुणीतरी आजच सांगा. मुलीला मात्र लग्न मोडल्यावर एकटी सोडू नका. तिचा बारावीचा अर्ज भरला जाईपर्यंत तुम्हीच लक्ष ठेवा.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातली. कोविडमध्ये नवरा गेला. वय ३९, दोन मुलं. आमच्या गावानंही हेरवाडसारखा ठराव केला, पण हळदीकुंकवाला अजून कुणी बोलवत नाही. दिरांच्या मनात दुसरंच आहे. ते म्हणतात, तू दुसरं लग्न केलंस तर जमिनीतून उठशील.

उत्तर : हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कोविडनं तरुण बायकांची कपाळं मोकळी केली होती, म्हणून ते सुचलं आणि टिकलं. मला या ठरावाचा फार अभिमान आहे. पण ठराव दारात येऊन बोलावणं देत नाही. तुम्हीच एक हळदीकुंकू घाला. ज्या पाचजणी येतील त्या येतील. तुमच्यासारख्या आणखी कुणी गावात असतील, त्यांना पहिला मान द्या.

दिरांचं म्हणणं साफ चूक आहे. नवऱ्याच्या वाट्याच्या तुम्ही पहिल्या वर्गाच्या वारस आहात, मुलांच्या बरोबरीनं. पुनर्विवाह केल्यावरही मिळालेला वारसा परत जात नाही. कपाळाला कुंकू लावायचं की नाही, दुसरं लग्न करायचं की नाही, हे तुमच्या सवडीनं ठरवा. सातबाऱ्यावर तुमचं आणि मुलांचं नाव लागलं आहे का, हे या आठवड्यात बघा.

प्रश्न : मी भाऊ आहे. राधानगरी तालुका, अडीच एकर. वडील वारले. बहिणीला तिचा वाटा द्यायचाच आहे, पण ती म्हणते, “मला नको दादा, तूच कसतोस.” बायकोची हरकत नाही. मग हक्कसोड करून घेऊ का?

उत्तर : दादा, तुमच्यासारखी पत्रं क्वचित येतात, म्हणून मुद्दाम छापते.

घाई करू नका. वारस म्हणून तिचं नाव लागलं आहे, ते तसंच राहू दे. कसण्याची अडचण येत नाही. तुम्ही कसा, आणि हंगाम संपला की खर्च वजा करून तिच्या वाट्याचे पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका, नवऱ्याच्या खात्यात नको. थोडे असले तरी टाका. दोन-तीन हंगाम असं झालं की तिला पुन्हा विचारा. तेव्हा तुमची आई, तिचा नवरा, सासू कुणी समोर नको. माझ्या पाहण्यात अशा बहिणींचं “नको” बरेचदा भावाला ओझं होऊ नये म्हणून असतं, किंवा मागणारी म्हणून नाव निघू नये म्हणून. त्यानंतरही ती मनापासून नको म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे. मग दुय्यम निबंधकाकडं जाऊन रीतसर नोंदवा, आणि कागद तिला घरी आणून आधी वाचायला द्या.

तुम्ही कारखान्याला ऊस घालत असाल, तर तिच्या वाट्याच्या क्षेत्राची ऊसनोंद तिच्या नावानं करता येते का, ते शेती विभागात विचारा. त्यासाठी सातबारा आणि तिच्या बँक पासबुकाची झेरॉक्स जवळ ठेवा.